अकरा वाजले की रुसणारा कॉम्प्युटर

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून पाहिलाय? नसेल लावला तर आज लावा. आतून घर्रऽऽ असा बारीक आवाज येतो. कॉम्प्युटरला जड काम सांगितलं की आवाज वाढतो, काम संपलं की पुन्हा कमी होतो. जणू आत कुणी धापा टाकतंय! हा आवाज असतो एका छोट्याशा पंख्याचा. आपल्या डोक्यावर गरगरतो तो पंखा आपल्यासाठी, आणि हा प्रोसेसरसाठी. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा हिशेबनीस. सगळी आकडेमोड तोच करतो आणि करता करता चांगलाच तापतो.

या तापण्याने गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेला जो हिसका दाखवला, त्याची ही हकिकत. आईबाबांनीही वाचायला हरकत नाही, कारण चूक मुलांची नव्हती. मोठ्यांची होती. आणखी स्पष्ट सांगायचं तर माझी होती.

आमचं गाव मुकुटबन. नकाशात यवतमाळ जिल्हा शोधा, मग वणी शोधा, आणि तिथून खाली तेलंगणाच्या सीमेकडे बोट सरकवा. झरी-जामणी तालुक्यातलं हे गाव. बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर तेलुगू आणि कोलामीही कानावर पडते. वर कापूस आणि तूर, जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा. आणि धूळ? ती विचारूच नका. सकाळी फडक्याने पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. ही धूळ आणि आमचा उन्हाळा, दोघांनाही लक्षात ठेवा. गोष्टीत दोघंही पुढे येणार आहेत.

शाळेत एकच कॉम्प्युटर. तोही दहा-बारा वर्षांचा, कुणीतरी भेट दिलेला. चालू केला की मुलं प्रार्थना म्हणून यायची तरी पडद्यावर गोल फिरतच असायचा. नवीन घ्यायला पैसे नाहीत. मग ठरलं, जुन्यालाच तरुण करायचं. पालकसभेत विषय काढला. कुणी पन्नास दिले, कुणी पाचशे. कापूस वेचायला जाणारी एक आई म्हणाली, "पोरगं शिकते नं मॅडम, मंग देऊ थोडे." असे साडेचार हजार रुपये जमले.

ते पैसे घेऊन मी जानेवारीत कॉम्प्युटरसकट दुकानात गेले. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली आणि प्रोसेसरही बदलला. आधी इंटेल कंपनीचा आय-थ्री ३२२० होता, दोन गाभ्यांचा. त्याच्या जागी त्याच पिढीचा, चार गाभ्यांचा आय-फाइव्ह ३४७०, अर्थात वापरलेला. दोन्ही २०१२ सालचे, एकाच खोबणीत बसणारे. म्हणजे दोन गड्यांचं काम आता चार गडी करणार!

दुकानदाराने विचारलं, "पंखा नवा टाकू का? चार-पाचशे लागतील."

मी म्हणाले, "जुना फिरतोय ना? राहू द्या तोच."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मला तर ते जन्मभर लक्षात राहील.

जानेवारी-फेब्रुवारी मजेत गेले. कॉम्प्युटर पळायला लागला. सातवीच्या मुलांनी मनावर घेतलं की निरोप समारंभासाठी एक फिल्म करायची. आमची शाळा सातवीपर्यंतच, पुढे सगळे पांगणार. पहिलीपासूनचे फोटो, सहलीचे तुकडे, स्नेहसंमेलनातलं लेझीम, शाळेतल्या कडुलिंबाखाली खिचडी खाताना काढलेली चित्रं, सगळं जोडून पंचवीस मिनिटांची फिल्म तयार झाली. आता शेवटचं काम उरलं. हे सगळे तुकडे कॉम्प्युटरने एकत्र शिवून एक फाइल बनवायची. प्रोसेसरसाठी यासारखं जड काम दुसरं नाही. चारही गडी एका वेळी घाम गाळतात.

एप्रिल उजाडला. आमच्याकडे एप्रिलमध्ये शाळा सकाळची. एक दिवस साडेदहा-अकराच्या सुमारास दोन मुलं धावत आली.

"मॅडम, कॉम्प्युटर बंद पडला जी!"

"काय केलंत?"

"काईच नाही केलं. फिल्म बनवाले लावली, अन् थो आपोआपच बंद झाला."

पुन्हा चालू केला. सात मिनिटांत पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. समारंभाला राहिले नऊ दिवस.

मग सुरू झाली तर्कांची जत्रा. एक म्हणाला, व्हायरस आहे. एक म्हणाला, लाइन कमी-जास्त होते म्हणून. एकाने तर हळूच सांगितलं की ती खोली आधी अडगळीची होती आणि तिथे "काहीतरी" आहे! मला मात्र वेगळीच धाकधूक. वापरलेला प्रोसेसर बाद निघाला असेल तर? साडेचार हजारांचं काय सांगू पालकांना?

उत्तर सापडलं ते एका मुलीच्या वहीत. ही मुलगी बोलते कमी, लिहिते जास्त. कॉम्प्युटर कधी चालला, कधी बंद पडला, याच्या वेळा ती रोज मागच्या पानावर टिपत होती. सकाळी सव्वासात, चालला. आठ, चालला. साडेनऊ, चालला पण सुस्त. पावणेअकरा, बंद. अकरा, बंद. आणि हे एक दिवस नाही, सलग चार दिवस.

ती म्हणाली, "मॅडम, सकाळी बरा असते अन् ऊन चढलं का बिघडते. याले ऊन लागून राहिलं का?"

मुलांनो, मला त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. व्हायरसला घड्याळ कळत नाही आणि भुतांना तर रात्र आवडते म्हणे. अकराची वेळ पाळणारं एकच आहे, आमच्या टिनाच्या छपरावरचं ऊन.

आता गोष्ट क्षणभर थांबवते आणि प्रोसेसर तापतो का, ते सांगते.

तारेतून वीज वाहिली की तार थोडी तापते. इस्त्रीत आपण हे मुद्दाम करतो. प्रोसेसरमध्ये ते आपोआप होतं. नखाएवढ्या चिपवर कोट्यवधी बारीक स्विच असतात, त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. आमच्या प्रोसेसरच्या पिढीतल्या मोठ्या चिपवर ते १४० कोटींच्या आसपास आहेत. दर सेकंदाला ते अब्जावधी वेळा चालू-बंद होत राहतात. प्रत्येक वेळी चिमूटभर वीज खर्ची पडते, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर येते. सगळी, बरं का! प्रोसेसर ७७ वॅट वीज खात असेल तर तो ७७ वॅटची शेगडीच झाला.

तुम्ही म्हणाल, ७७ वॅट म्हणजे काय मोठं? इस्त्री तर हजार वॅटची असते. खरं आहे. पण इस्त्रीचा तळ केवढा? धरा दीडशे चौरस सेंटीमीटर. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला सातेक वॅट. आणि चिप असते जेमतेम दीड चौरस सेंटीमीटरची. भागाकार करून पाहा. पन्नासच्या वर वॅट येतात! इस्त्रीच्या सातपट दाट उष्णता, आणि तिच्या शेजारीच गणितं सोडवायची.

म्हणून चिपवर धातूचं झाकण असतं, त्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवतात आणि त्यावर पंखा. तुमचे आजोबा गरम चहा बशीत ओतून फुंकर मारतात ना? अगदी तेच. पात्यांचा ठोकळा म्हणजे बशी, उष्णता पसरवायला. पंखा म्हणजे फुंकर.

तुमच्या आईबाबांच्या लहानपणी हा खटाटोप नव्हता. १९८९ साली आलेला ४८६ नावाचा प्रोसेसर थोडेच वॅट खायचा. सुरुवातीच्या कितीतरी ४८६ वर पंखा काय, ठोकळाही नसे. १९९३ साली पेंटियम आला, तो पंधराएक वॅटचा. त्याला ठोकळा आणि पंखा लागायला लागला. पुढे वेगाची शर्यतच लागली, आणि २००४ साली पेंटियम-फोरची एक जात ३.८ गिगाहर्ट्झ वेगाला पोचली तेव्हा तिची भूक होती ११५ वॅट. कंपनीने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-फोर जाहीर केला होता. तो त्याच वर्षी रद्द केला. उष्णता आवरेना! तेव्हापासून एकाच गड्याला आणखी पळवण्याऐवजी दोन, चार, आठ गडी कामाला लावायची रीत पडली. तुमच्या मोबाइलमध्ये "आठ गाभ्यांचा प्रोसेसर" असं लिहिलेलं असतं, त्याचं मूळ या उकाड्यातही आहे.

असो. चला परत मुकुटबनला.

प्रोसेसरच्या पोटातच एक तापमापक असतो. त्याचा आकडा पडद्यावर दाखवणारे फुकटचे प्रोग्रॅम मिळतात. आम्ही त्यातला एक घेतला. शिवाय विज्ञानाच्या कपाटातला साधा तापमापक खोलीत खिळ्याला टांगला. आता वहीत तीन रकाने झाले: खोली, प्रोसेसर आणि दोहोंतला फरक. तिसरा रकाना त्या लिहिणाऱ्या मुलीनेच आखला. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "असाच." पुढे हाच "असाच" सगळ्यात कामाचा निघाला.

पहिली नोंद. वेळ अकरा, खोली ३८ अंश. फिल्म शिवायला लावली. प्रोसेसर ७०... ८२... ९१... आकडा चढतोय आणि मुलं क्रिकेटच्या स्कोअरसारखी ओरडताहेत. ९९ आणि फट्! पडदा काळा.

शंभराच्या आसपास पोचला की असा प्रोसेसर स्वतःला वाचवायला लागतो. आधी वेग कमी करतो. वहीतलं "चालला पण सुस्त" आठवतं ना? तरीही भागलं नाही तर कॉम्प्युटर सरळ बंद होतो. आमच्या कॉम्प्युटरची रेषा शंभराच्या जवळ होती. म्हणजे तो बिघडला नव्हता. जीव वाचवत होता. मी सुटकेचा श्वास सोडला.

फरकाच्या रकान्यात ६१ लिहिलं गेलं. आता जानेवारी आठवा. तेव्हा खोली असायची २४ अंश. २४ अधिक ६१ म्हणजे ८५. चाललं! एप्रिलमध्ये सकाळी सातला खोली २८. अधिक ६१ म्हणजे ८९. चाललं! अकराला ३८ अधिक ६१ म्हणजे ९९. संपलं! दुखणं जानेवारीपासून होतं. थंडीने ते झाकून ठेवलं होतं, इतकंच.

मग डबा उघडायचं ठरलं. इथे सगळ्यांनी कान इकडे करा. डबा मोठ्या माणसाशिवाय उघडायचा नाही. बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. आणि मागच्या बाजूला, जिथे विजेची वायर लागते, ती पत्र्याची बंद पेटी दिसते ना, ती कधीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

उघडलं तर काय! पात्यांच्या फटींत राखाडी गोधडीच शिवलेली. धूळ, कापसाचे तंतू, एक वाळकी माशी. पंखा फिरत होता, पण हवा जायला वाटच नव्हती. आम्ही डबा अंगणात नेला, मऊ ब्रशने आणि हवा भरायच्या पंपाने सगळं उडवलं. उडवताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून ठेवायची, नाहीतर तो गरागरा फिरून खराब होतो. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी खोली ३६, प्रोसेसर ८९. फरक ६१ वरून ५३ वर आला. बंद पडला नाही, पण आणखी ऊन चढलं असतं तर?

एक मुलगा ठोकळ्याला हात लावून म्हणाला, "मॅडम, हा एका कोपऱ्यात हलते." पाहते तो खरंच! ठोकळा बोर्डावर बसतो चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी. त्यातली एक अर्धवटच आत गेली होती. त्या बाजूने ठोकळा चिपच्या झाकणावर टेकलाच नव्हता. जानेवारीतच पाहायला हवं होतं. मी शेजारी उभी होते की!

ठोकळा काढला. खाली दिसला वाळक्या चुन्यासारखा पापुद्रा. तो असतो उष्णतेचा लेप, दुकानात त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. दोन धातू आपल्याला कितीही गुळगुळीत दिसले तरी भिंगाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. मधल्या दऱ्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेला फार हळू पुढे नेते. रजईत ऊब राहते ती अशाच अडकलेल्या हवेमुळे. म्हणजे प्रोसेसरने एप्रिलमध्ये रजई पांघरली होती म्हणा ना! लेप त्या दऱ्या भरतो. तो हवेपेक्षा शंभरपटीच्या आसपास चांगली उष्णता नेतो. आमच्याकडचा जुना लेप वाळून भेगाळला होता. तो अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसला. नवा लेप किती लावायचा? मुगाच्या दाण्याएवढा, बस्स. पोळीला तूप लावतो तसा चोपडायचा नाही. ठोकळा दाबला की तो आपोआप पसरतो.

चारही खुंट्या टक् टक् वाजेपर्यंत बसवल्या. खोली ३७, प्रोसेसर ८३. फरक ४६.

मी खूश. पण वहीवाली मुलगी फळ्यापाशी गेली. आदल्याच महिन्यात त्रैराशिक शिकवलं होतं मी. जुना प्रोसेसर कमाल किती वॅटचा? ५५. नवा? ७७. (हे आकडे ढोबळ असतात, पण तुलनेला चालतात.) तिने मांडलं: ७७ वॅटला फरक ४६, तर ५५ वॅटला किती? उत्तर आलं, जवळजवळ ३३.

वर्ग गप्प झाला. म्हणजे याच पंख्याखाली जुना प्रोसेसर ३८ अंशांच्या खोलीतही ७१ वरच थांबला असता. पंखा वाईट नव्हताच. तो पंचावन्न वॅटच्या पाहुण्यासाठी होता, आणि मी त्याच्या ताटावर सत्त्याहत्तर वॅटचा पाहुणा आणून बसवला होता. आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, खोली टिनाची. ४५ अधिक ४६ म्हणजे ९१. पुन्हा धूळ बसली की कथा पहिल्यापासून!

चारशे ऐंशी रुपयांचा मोठा ठोकळा आणला, मधे तांब्याचा गाभा असलेला. अॅल्युमिनियमपेक्षा तांबं उष्णता लवकर नेतं. या वेळी पैसे मी वर्गणीतून घेतले नाहीत. खोली ३८, प्रोसेसर ७४. फरक ३६.

आता विदर्भातल्या मुलांच्या मनात एक प्रश्न केव्हाचा घोळत असेल. आमच्या वर्गातही तो आलाच. "मॅडम, सरळ कूलर लावू नं त्याच्यापुढं!" आमच्याकडे घरोघरी पाण्याचा कूलर. गवताच्या ताट्या, टाकीत पाणी, मोठा पंखा. हवा ओल्या ताटीतून जाते, पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी हवेतली उष्णता घेतं आणि हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं तेही याच युक्तीने. पण प्रोसेसरवरच्या पंख्याकडे पाणी नाही. तो नुसती खोलीची हवा ठोकळ्यावर ढकलतो. म्हणून काहीही झालं तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करूच शकत नाही. पंखा कितीही भारी आणा, ३८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ३८ च्या वरच असणार.

पण करून पाहायला काय हरकत? घरून एक कूलर आणला आणि खिडकीत ठेवला. कॉम्प्युटरच्या तोंडावर नाही हं, तुषार आत गेले तर बोर्डाचं वाटोळं. खोली उतरली २९ वर. प्रोसेसर किती असेल? मुलांनी पैजा लावल्या. कुणी ५० म्हणालं, कुणी ६०. पडद्यावर आलं ६५.

"फरक पाहा," ती मुलगी म्हणाली.

पासष्ट वजा एकोणतीस. ३६!

खोली नऊ अंश उतरली तर प्रोसेसरही नऊच अंश उतरला. तिसरा रकाना जागचा हलला नाही. आता कळलं ना तो "असाच" किती कामाचा? पहिला रकाना ऋतूचा. दुसरा नुसता पाहिला तर फसवतो. तिसरा मात्र सांगतो की ठोकळा, लेप, खुंट्या आणि पंखा आपलं काम करताहेत की नाही. पालकहो, तुम्ही जुना कॉम्प्युटर सुधारून घेतला आणि कुणी सांगितलं की "माझा साठच्या वर जात नाही, तुमचा पंचाहत्तर म्हणजे बिघडलाय", तर आधी त्यांची खोली किती अंश आहे ते विचारा. महाबळेश्वरचे साठ आणि वणीचे पंचाहत्तर सारखेच असू शकतात. आणि प्रोसेसर बदलताना आणखी दोन आकडे विचारा: जुना किती वॅटचा, नवा किती वॅटचा. मी ते विचारले नव्हते.

फिल्म शिवून होईपर्यंत मुलांना वेळच वेळ होता. एकाने विचारलं, "मॅडम, या कॉम्प्युटरले एवढा पंखा, तर मोठ्या कॉम्प्युटरले केवढा लागत असन?"

प्रश्न भारी होता. १९४६ साली अमेरिकेत एनिअॅक नावाचा कॉम्प्युटर जगापुढे आला. त्यात ट्रान्झिस्टर नव्हते, दिव्यांसारख्या काचेच्या नळ्या होत्या, सुमारे अठरा हजार. वीज लागायची दीडशे किलोवॅट. आपल्या ७७ वॅटच्या जवळजवळ दोन हजार प्रोसेसरांएवढी! खोलीभर वारा घालणारे झोतपंखे लावून तो चालवत. पुढे क्रे-१ नावाचा महासंगणक १९७६ मध्ये आला, त्याला फ्रिजमधल्यासारखा गारवा देणारा वायू खेळवावा लागे. आणि १९८५ चा क्रे-२ तर पाण्यासारख्या दिसणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवलेला असे. त्या द्रवातून वीज वाहत नाही, म्हणून चालतं. घरी प्रयोग करू नका!

भारताला असे महासंगणक परदेशातून सहज मिळेनात, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' तयार केला. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं ते डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भाचे, अकोला जिल्ह्यातल्या मुरांबा गावचे. हे सांगितल्यावर वर्गात एकदम कुजबुज झाली. त्याच 'परम' घराण्यातला 'परम ब्रह्म' २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर या संस्थेत बसवला. तिथे नुसत्या वाऱ्यावर भागवलेलं नाही, प्रोसेसरच्या अगदी अंगाला लागून द्रव फिरवतात आणि तो उष्णता उचलून बाहेर नेतो. पुण्यातच पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्था आहे. तिथे २०२४ साली हवामानाचं गणित सोडवणारा 'अर्क' महासंगणक सुरू झाला. अर्क म्हणजे सूर्य. "विदर्भात उष्णतेची लाट" असा अंदाज बांधायला अशा यंत्रांची आकडेमोड लागते. आणि आकडेमोड करता करता स्वतः तापू नयेत म्हणून त्यांचीही राखण करावी लागते.

हे सगळं सांगेपर्यंत पडद्यावर "१०० टक्के" आलं. प्रोसेसरचा आकडा ७४ वर. एकदाही बंद पडला नव्हता.

निरोप समारंभात फिल्म पाहताना मुलं हसली, मग रडली. कापूस वेचणारी ती आई मागे भिंतीशी उभी होती. तिचं पोरगं पहिलीत असताना नाक पुसत रडतानाचा फोटो आला तेव्हा ती सगळ्यांत मोठ्याने हसली. साडेचार हजारांबद्दल कुणी विचारलं नाही. मीच पालकसभेत उठून पंख्याची गोष्ट सांगितली.

ती मुलगी जाताना वही कपाटात ठेवून गेली. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा नव्या सातवीने पहिली नोंद केली. खोली ३३, प्रोसेसर ६९. फरक ३६. दिवाळीच्या सुट्टीनंतर, कापसाच्या गाड्या रस्त्याने जायला लागल्यावर पुन्हा मोजलं. खोली २७, प्रोसेसर ६८.

एका मुलाने वही पाहिली, बोटांवर वजाबाकी केली आणि म्हणाला, "मॅडम, एक्केचाळीस झाला. ब्रश काढू का जी?"